मोरी, मुशी आणि शार्क

'शार्क'ला मराठी शब्द कोणता, मोरी की मुशी, आणि वागळे (पसरट अंगाचा 'रे' मासा) त्यांतच धरायचे का, असे म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारले आहे.

मोरी आणि मुशी हे दोन वेगळे मासे नव्हेत. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जिला मोरी म्हणतात, तिलाच मुंबई-रायगडकडे मुशी म्हणतात. घाटावरच्या वाचकाला मात्र 'मोरी' म्हटले की भांडी घासण्याची जागा आठवते, म्हणून सर्वांसाठी लिहिताना पहिल्या उल्लेखात 'मोरी मासा' असे लिहावे.

तरीही हे दोन्ही शब्द 'शार्क'चे पूर्ण प्रतिशब्द नाहीत, असे माझे मत आहे. आंबट-तीख या गोव्याकडच्या कालवणासाठी आपण आणतो ती मोरी बहुधा हातभर लांबीची, उथळ किनारी पाण्यातली असते. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांत आर्क्टिकच्या थंड पाण्यात राहणारा ग्रीनलंड शार्कही येतो. त्याला मोरी म्हणणे कानाला खटकते. आपल्या किनाऱ्यावरचा स्कोलिओडॉन हा छोटा शार्क खोल समुद्र ओलांडत नाही. त्यामुळे पश्चिम प्रशांत महासागरातील त्याचे भाईबंद निराळ्या जातीचे असल्याचे 2010 मध्ये मांडले गेले. उलट टायगर शार्क जगातील बहुतेक सर्व उष्ण समुद्रांत एकाच जातीचा आढळतो. म्हणून संपूर्ण गटासाठी 'शार्क' आणि आपल्या बाजारातील माशासाठी 'मोरी' किंवा 'मुशी' असा भेद ठेवावा. हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कला कोळी 'कानमुशी' म्हणतात. हा नेमका शब्द टाकून 'हातोडी शार्क' घडवण्याचे कारण नाही.

वागळे शार्क नव्हे, पण अगदी जवळचे भावंड आहे. दोघांचाही सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. वागळी शार्कच्याच एका शाखेतून उपजली, असे शरीररचनेवरून काही अभ्यासक मानत असत. या शतकातील डीएनएच्या अभ्यासाने मात्र सर्व शार्क एका फांदीवर आणि वागळी शेजारच्या फांदीवर ठेवली आहेत. विद्यार्थ्यांना हे बाजारातही दाखवता येईल. मोरीच्या डोक्याच्या बाजूला कल्ल्यांच्या पाच उभ्या चिरा दिसतात, तर वागळे उलटे केल्यावरच त्याच्या चिरा पोटाकडे सापडतात. मोरीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला, तर तो कानशीवरून फिरल्यासारखा खरखरतो.

चिरांच्या खुणेने करवत माशाचाही निकाल लागतो. लांब, दातेरी मुस्कटामुळे आणि शार्कसारख्या बांध्यामुळे त्याला 'करवती शार्क' लिहिलेले मी वाचले आहे, पण आपल्या किनाऱ्यावरच्या करवत माशाच्या चिरा खालच्या बाजूला असतात, म्हणजे तो वागळ्याच्या गोतावळ्यातला आहे. आणि देवमासा हा शब्द शार्कसाठी मुळीच वापरू नये. तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे.