काकू मांगरात का आहेत?

'ताई, राजापूर तालुक्यातलं आमचं आजोबांच्या काळचं चिरेबंदी घर आम्ही तिघे भाऊ दुरुस्त करतोय. गणपतीपर्यंत पुरं करायचं आहे. मी दर शुक्रवारी रात्री डोंबिवलीहून निघतो, दोन दिवस गवंड्यापाशी उभा राहतो, रविवारी परततो. धाकटा पुण्याहून पैसे पाठवतो, पण फिरकत नाही. मधला म्हणतो, माकडं कौलं फोडतात, सरळ पत्रा घाला. तिघांना संडास-बाथरूमसह एकेक खोली, असा नकाशा ठरलाय. काका आठ वर्षांपूर्वी वारले, त्यांना मूलबाळ नाही, म्हणजे निर्णय आम्हा तिघांचाच. काकूला सध्या मांगरात हलवलंय, त्यामुळे माजघर कामाला मोकळं मिळालं. पण भावांशी बोलणं तुटत चाललंय. काय करू?'

तुमच्या पत्रात भाऊ ओळीओळीला आहेत. काकू एकाच वाक्यात येतात, आणि तेही माजघर मोकळं झालं हे सांगण्यापुरत्या. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मांगर म्हणजे काय ते मला माहीत आहे. गवताच्या पेंढ्या, लाकूडफाटा, नारळाची सोडणं ठेवायची जागा. जमिनीला ओल, कोपऱ्यात विंचू-किरडू. रात्री उठायची वेळ आली तर बॅटरी घेऊन खळं ओलांडायचं. काकूंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या वडिलांच्या भावाची बायको, म्हणजे सत्तरीच्या आगेमागेच असणार. आणि शनिवार-रविवार तुम्ही गावी जेवता कुठे? त्या मांगरातल्या चुलीवरचंच ना?

कोकणातलं बंद घर किती पावसाळे तग धरतं, ते तुमच्याच वाडीत फिरून बघा. एक कौल सरकतं, पाणी वाशांत उतरतं, वाळवी लागते आणि एखाद्या श्रावणात छप्पर खाली बसतं. चिऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात, त्यांच्यातून झाडं उगवतात. तुमचं घर तसं झालं नाही. काका गेल्यावर दर मे महिन्यात शाकारणीला माणूस कोणी गाठला? माकडांनी फोडलेली कौलं कोणी बदलून घेतली? तिन्हीसांजेला दिवा कोणी लावला? चुलीच्या धुराने काळे झालेले वासे तुमच्या सुताराला दाखवा. त्यांना कीड का लागली नाही, ते तो सांगेल. दुरुस्त करायला घर शिल्लक राहिलं ते एका बाईमुळे, आणि तुमच्या नकाशात तिला खोली नाही.

'निर्णय आम्हा तिघांचाच' हे तर साफ चूक आहे. मूलबाळ नाही म्हणून काकांचा हिस्सा त्यांच्याबरोबर जळून गेला नाही. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा पत्नी पहिल्या वर्गातली वारस आहे. आजोबांना दोनच मुलगे असतील, मुलगी नसेल आणि काकांच्या आधी तुमची आजी गेली असेल, तर ढोबळ हिशेबाने निम्मं घर काकूंचं आहे. उरलेल्या निम्म्यात तुम्ही तिघे, आणि आई, बहीण असतील तर त्याही. राजापुरातल्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा, तो नीट मांडून सांगेल. कोर्टाची भीती घालायला मी हे लिहीत नाही. काकूंना परत घरात घेणं हे तुमचे उपकार नव्हेत, एवढं तुमच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून लिहितेय.

धाकट्याचं न येणं मला मोठं वाटत नाही. पैसे वेळेवर पाठवतो, पुष्कळ झालं. कौलं की पत्रा, हे तुम्हा दोघांच्या भांडणावर ठरायला नको. गणपतीचे पाच दिवस येणाऱ्याने ते ठरवूच नये. आषाढातल्या रात्री पत्र्यावरचा पाऊस ज्या माणसाला एकट्याने ऐकायचा आहे, त्याला विचारा.

आता करायचं ते एकच. तुमच्या तिन्ही खोल्यांचं काम उद्याच्या उद्या थांबवा. गवंडी, सुतार, प्लंबर, सगळे काकूंच्या खोलीवर लावा. खोली माजघराला लागून, संडास-न्हाणी आतच, दाराला उंबरठा बेताचा, रात्री हात पोचेल तिथे दिव्याचं बटण. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येऊन ठेपतो, त्याच्या आत काकू पक्क्या छपराखाली हव्यात. गणपतीची तारीख सोडून द्या. तुमच्या खोल्या दिवाळीला होतील, नाहीतर पुढच्या वर्षी. गणपतीत तुम्ही तिघे ओटीवर पथाऱ्या टाकून झोपा, लहानपणी झोपत होतात तसे. भावांना हे फोनवर कळवा, त्यांची परवानगी मागू नका.

या शनिवारी गाडीतून उतरलात की गवंड्याकडे जाऊ नका. आधी मांगरात जा. जमिनीवर बसा, चहा घ्या, 'काकू, चुकलं आमचं' म्हणा. नकाशा त्यांच्यापुढे पसरा. त्या म्हणतील, 'माझं काय रे, मी आज आहे, उद्या नाही.' ते कानावर घेऊ नका. चूल कुठे मांडायची, एवढंच विचारा. त्या उठतील, घरात येतील आणि पायाने जागा दाखवतील. तिथेच गवंड्याला दोरी धरायला सांगा.