१९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर: कमी पैशांत पाच गिअरचा बॉक्स बसवावा का?

तुमचा प्रश्न असा: काकांकडून आलेली स्पिटफायर मार्क ३ फोंड्याला आहे, दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो, पहिला कधी पडतो कधी नाही, ऐंशीच्या पुढे इंजिन ओरडतं, आणि कुणीतरी मारुती जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स घालायला सांगितलंय. बजेट सत्तर हजार. माझं मत आधीच सांगतो: आहे तो बॉक्स नीट करून घ्या, जिप्सीचा विचार त्यानंतर. माझ्याकडे डिचोलीत जुनी स्टँडर्ड हेराल्ड आहे. तिचा आणि तुमच्या गाडीचा बॉक्स एकाच घराण्यातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्सला हात लावण्याआधी क्लच तपासा. इंजिन आयडलिंगवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून देणारी रिंग) नसतो, त्यामुळे तिथे लपवाछपवी होत नाही. एवढं थांबूनही दात वाजले तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि तो दोष बॉक्सचा नव्हे. आपल्याकडे हे फार होतं. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी राहते, हवेतल्या ओलाव्याने क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, क्लच सोडवणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर आतून गंजतो, त्यातलं ब्रेक ऑइल पाणी धरतं. शिवाय पेडलची पिन आणि तिचं भोक झिजून अंडाकृती होतं. पाय पूर्ण खाली जातो, पण खालचा दांडा पुरेसा सरकत नाही. सिलिंडरचं किट, नवीन पिन आणि ताजं ब्रेक ऑइल एवढ्यावर कित्येक बॉक्स ‘दुरुस्त’ होतात. पहिल्या गिअरचं म्हणाल तर मार्क ३च्या पहिल्याला मुळातच सिंक्रो नाही, तो १९७०च्या मार्क ४पासून आला. गाडी पूर्ण थांबवायची, आधी दुसरा लावायचा आणि मग पहिला. सवयीने जमतं.

रिव्हर्स शांतपणे पडला, पण वरून खाली येताना दुसरा वाजतोच, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग गेली आहे. आता एक आवाज नीट ऐका. पहिल्या तीन गिअरांत कण्हल्यासारखा आवाज आणि चौथ्यात एकदम शांत, असं असेल तर लेशाफ्ट (बॉक्समधला दुसरा, जोडीचा शाफ्ट) आणि त्याची नीडल बेअरिंग संपली आहेत. चौथ्यात इंजिनची ताकद थेट मुख्य शाफ्टवरून मागे जाते, लेशाफ्टवर भार येत नाही, म्हणून आवाज बंद होतो. माझ्या बॉक्समधून लेशाफ्ट बाहेर काढला तेव्हा लांबून तो चकचकीत दिसत होता. नख फिरवलं तर एका बाजूला अडकलं. वरची कडक केलेली कातडी सोलून निघाली होती आणि तिचाच चुरा ऑइलमधून सगळ्या बेअरिंगांत फिरत होता. असा शाफ्ट पॉलिश करून परत घालू नका. नवाच घ्या, सोबत नीडल आणि थ्रस्ट वॉशरही बदला. बॉल बेअरिंग नंबरावरून चांगल्या बेअरिंगवाल्याकडे मिळतात. सिंक्रो रिंगा इंग्लंडहून मागवाव्या लागतील, पण त्या वजनाने हलक्या असतात. हेराल्डचा जुना बॉक्स सुट्या भागांसाठी मिळाला तर घेऊन ठेवा, मात्र प्रत्येक भाग शेजारी ठेवून ताडून पाहा. ९४८ सीसीवाल्याचं सगळंच लागेल असं नाही.

या गाडीची एक मोठी सोय म्हणजे बॉक्स आतून निघतो. सीट काढा, मधला पुठ्ठ्यासारखा टनेल काढा, दोघांनी मिळून बॉक्स मागे ओढून उचला. इंजिन जागेवरच राहतं. परत भरताना जीएल-४ प्रतीचं ९० नंबरचं ऑइल घ्या, साधारण ०.८५ लिटर लागतं. दुकानदार जीएल-५ देईल, ते पितळी रिंगांना मानवत नाही.

आता इंजिनच्या ओरडण्याबद्दल. तुमच्या गाडीचं डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गिअरसंच, ४.११चं असणार. हा आकडा जितका कमी, तितकं त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं. चौथ्यात हजार आरपीएमला साधारण २५ किलोमीटर वेग मिळतो, म्हणजे ऐंशीला ३१००-३२०० आरपीएम. जिप्सी किंगचा पाचवा साधारण ०.८चा आहे, त्यात हेच २५००वर येईल. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण मार्क ४चं ३.८९चं डिफरन्शियल मिळालं तर ३०००च्या आसपास येतं, आणि १५०० मॉडेलच्या ३.६३ने २८००च्या आसपास, तेही बॉक्सला हात न लावता. फ्लँज आणि माउंटिंग तेवढं ताडून घ्या. मी ३.८९ निवडेन. चोर्ला किंवा अनमोड घाट चढायचा तर ३.६३वर पहिला गिअर फार लांब पडतो. पत्रादेवी ते काणकोण अख्खा गोवा जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास. इथे पाचवा जितका वापराल त्याच्या कितीतरी पट दुसरा-तिसरा वापराल.

तरीही जिप्सीचाच घालायचा असेल तर कल्पना वाईट नाही. त्याचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा भाग) वेगळा असतो, म्हणून बॉक्स सुटा मिळतो, आणि १२९८ सीसी इंजिनचा टॉर्क तुमच्या १२९६ सीसीच्या टॉर्कइतकाच आहे. कुर्ल्याच्या भंगारात शोधा. खर्च बॉक्सचा नसतो, जोडणीचा असतो: अडॅप्टर प्लेट, क्रँकमधला स्पिगॉट बुश, जिप्सीच्या स्प्लाइनची क्लच प्लेट, नव्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल. अडॅप्टर प्लेटचं काम उसगाव-कुडचडे पट्ट्यातल्या लेथवाल्याकडे न्या. खाणीचे टिपर सांभाळून त्यांचा हात पक्का झाला आहे. प्लेट बसवल्यावर क्रँकला डायल गेज लावून हाऊसिंगचं भोक मध्यावर आहे का ते तुमच्यासमोर फिरवून बघायला सांगा. सुई ०.१ मिलिमीटरच्या फार पुढे हलली तर काम परत. केंद्र चुकलं की बुश आणि पुढचं बेअरिंग लवकरच जातं. सत्तर हजारांत हे सगळं बसवणं मला कठीण दिसतं.

चासिस मात्र कापू देऊ नका. बॉक्स कुठे अडला तर टनेल नवा करा. फायबरच्या होड्या बनवणारे तो सहज करून देतील. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, आणि त्यात चासिस, बॉडी शेल व इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत. अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच, म्हणून नोंदणीचं आधी ठरवा. मूळ बॉक्स, काहीही झालं तरी, विकू नका.

काम जूनमध्ये काढा, एरवीही गाडी तेव्हा उभीच असते. रिंगा आणि लेशाफ्ट मे संपायच्या आत हातात हवेत, कारण गणेश चवथीच्या तोंडावर कुठलाच मेस्त्री तुमच्या वाट्याला येणार नाही.