डिचोलीत घर बांधताना पायाच्या काँक्रीटला एम २५ ची ताकद नक्की कशी मिळेल?

आपण विचारले आहे की, डिचोलीजवळच्या आपल्या घराच्या फूटिंगसाठी (खांबाखालच्या रुंद पायासाठी) इंजिनीयरने एम २५ काँक्रीट सांगितले आहे, गवंडी मात्र "एक भाग सिमेंट, दोन रेती, चार खडी, असे १:२:४ पुरे, हवी तर सिमेंटची एक गोणी जास्त घालू" असे म्हणतो. अशा वेळी ताकद मिळेल याची खात्री कशी करावी? मी गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली तालुक्यांत घरांच्या कामांवर देखरेख करतो. माझा सल्ला असा की, काँक्रीट घालायच्या दिवशी आपण स्वतः मिक्सरजवळ उभे राहावे आणि पाण्याच्या बालदीवरून नजर हलवू नये.

आधी गवंड्याच्या म्हणण्याविषयी. एम २५ म्हणजे १५० मिमीच्या क्यूबला (तपासणीसाठी साच्यात भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला) २८ दिवसांनी दर चौरस मिमीला २५ न्यूटन ताकद, आणि तीही अशी की शंभरातले पाचच निकाल त्याखाली जावेत. म्हणून मिश्रण बेतताना सरासरी ३१ ते ३२ न्यूटन धरावी लागते. आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक ठरावीक प्रमाणाचे मिश्रण फक्त एम २० पर्यंत चालवून घेते आणि १:२:४ हे तर पूर्वापार एम १५ चे प्रमाण मानले जाते. तेव्हा आपण जी खडी आणि जी रेती वापरणार आहात तिचेच नमुने प्रयोगशाळेत देऊन मिक्स डिझाइन (मालाचे नेमके प्रमाण) करून घ्यावे. एका घराच्या एकूण खर्चात हा खर्च फार नाही.

आता पाण्याकडे येतो. जमिनीत गाडल्या जाणाऱ्या सळईच्या फूटिंगसाठी पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर ०.५० च्या वर जाऊ नये, असे मानक सांगते. म्हणजे ५० किलोच्या गोणीला एकूण २५ लिटर पाणी. त्यात रेतीतले पाणीही मोजायचे असते, हे बहुतेक ठिकाणी विसरले जाते. समजा एका गोणीला १०० किलो रेती पडते आणि ढिगातली रेती ५ टक्के ओली आहे, तर ५ लिटर पाणी तिच्यातूनच आले. मिक्सरमध्ये २० लिटरच घालायचे. शिवाय ओलसर रेती फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजली की रेती कमी पडते. रेती वजनाने घेणे उत्तम. ते जमत नसेल तर ठरावीक मापाचा फरमा करून फुगवट्याचा हिशेब इंजिनीयरकडून घ्यावा. बालदीच्या आतल्या बाजूला तैलरंगाने २० लिटरची रेघ मारून ठेवा. मी प्रत्येक कामावर हे करतो.

ही रेघ का मारतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घराच्या पायाच्या वेळी दुपारी तासभर मी जागेवर नव्हतो. परत आलो तेव्हा खड्ड्याच्या कडेने राखाडी पाणी वाहत होते आणि फावड्याने ओढले की मसाला खडीला सोडून पुढे जात होता. माल पसरायला सोपा जावा म्हणून कामगारांनी मापाबाहेर पाणी ओतले होते. सिमेंट तेच, खडी तीच, तरीही सकाळच्या क्यूबची २८ दिवसांची सरासरी ३१ न्यूटन आली आणि दुपारच्या क्यूबची २२. शेवटी त्या फूटिंगमधून तीन कोअर (घट्ट झालेल्या काँक्रीटमधून यंत्राने कापलेले दंडगोल) काढावे लागले. कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा, असा नियम आहे. ती सरासरी जेमतेम वर आली म्हणून फूटिंग वाचले, पण तोवर मालकांना पुढचे काम थांबवावे लागले, आणि पावसाळा तोंडावर होता.

माल घट्ट वाटला तर पाणी वाढवू नये. डिझाइनमध्येच प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) धरून घ्यावा आणि व्हायब्रेटर (माल हलवून त्यातली हवा काढणारे यंत्र) लावावा. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तरी ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, म्हणून सळईने कोचून भागवू नका.

पाणी कोणते, हाही प्रश्न गोव्यात महत्त्वाचा आहे. जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बरेचदा आम्लधर्मी असते आणि काँक्रीटच्या पाण्याचा पीएच ६ पेक्षा कमी चालत नाही. खाजनाजवळ (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळ) किंवा खाडीकाठी पाणी आणि रेती दोन्ही खारट असू शकतात; क्लोराइडने सळई गंजते, मग क्यूबचा निकाल कितीही चांगला असो. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातले क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे. टँकर मागवणार असाल तर त्या पाण्याचीही तपासणी करावी. आपली जागा खाडीला लागून असेल तर एम २५ सुद्धा अपुरे ठरू शकते, हे इंजिनीयरला स्पष्ट विचारा.

कोरडा जांभा काँक्रीटमधले पाणी शोषून घेतो, म्हणून खड्डा आदल्या दिवशी भिजवावा, तळाशी पीसीसीचा (सळईविना साध्या काँक्रीटचा) थर द्यावा आणि सळयांच्या जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई जमिनीपासून वर ठेवणारे ठोकळे) ठेवावेत. तिथे चिऱ्याचे तुकडे टाकू नयेत.

क्यूब मात्र आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या. पाच घनमीटरपर्यंत एक नमुना, म्हणजे तीन क्यूब, आणि सहा ते पंधरा घनमीटरला दोन नमुने लागतात. जास्तीचे तीन क्यूब सात दिवसांसाठी ठेवा. तेव्हा साधारण ६५ टक्के ताकद दिसायला हवी, पीपीसी (राख मिसळलेले) किंवा स्लॅग (भट्टीतली मळी मिसळलेले) सिमेंट असेल तर थोडी कमी. अशा सिमेंटला किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी मारावे लागते. फूटिंगवर भिजवलेली गोणपाटे टाकून ती सकाळ-संध्याकाळ ओली करा, आणि हे दिवस भरेपर्यंत ठेकेदाराला खड्ड्यात माती लोटू देऊ नका.