सांध्यातलं पाणी काढू द्यावं का?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ४ वर्षांचा आहे. ३ आठवडे झाले, ताप १०४ वर जातो, उतरतो, पुन्हा चढतो. सोमवारी पुढचा डावा पाय उचलून चालत होता, गुरुवारी मागचा उजवा. दोन वेगवेगळी अँटिबायोटिक्स झाली, फरक नाही. स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिल्यावर मात्र दोन दिवस अगदी पूर्वीसारखा खेळला आणि मग पुन्हा कोपऱ्यात जाऊन पडला. आता डॉक्टर म्हणतात, चार सांध्यांतलं पाणी काढून तपासू. सुईने पाय कायमचा अधू झाला तर? आणि स्टेरॉइडने बरं वाटतंय, तर तेच का देत नाहीत?

उत्तर : पाणी काढू द्या. हलकी गुंगी देऊन, केस कापून, जागा निर्जंतुक करून, बारीक सुईने दोन-चार थेंब घेतात. मी हे काम वर्षानुवर्षं करते आहे. सुईमुळे अधू झालेला कुत्रा अजून माझ्या पाहण्यात नाही. सांध्याची सूज महिनोन्‌महिने तशीच राहिल्याने अधू झालेले मात्र पाहिले आहेत.

सोमवारी एक पाय आणि गुरुवारी दुसरा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. काटा रुतला किंवा पाय मुरगळला तर दुखणं त्याच पायात राहतं. पाय बदलत लंगडणं, सोबत ताप, आणि अँटिबायोटिकला दाद नाही, म्हटलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं पॉलीआर्थ्रायटिसचं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. बहुतेक वेळा पुढच्या पायाची मनगटं आणि मागचे घोटे आधी धरतात, म्हणून एकच सांधा तपासून भागत नाही.

निरोगी सांध्यातलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट असतं. सुईच्या टोकाचा थेंब काचपट्टीला टेकवून वर उचलला की दोन-अडीच सेंटिमीटरची तार सुटते. आजारी सांध्यातला थेंब गढूळ असतो, तार न धरता टपकन पडतो. मायक्रोस्कोपखाली न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी दिसते, एरवी त्या तिथे जेमतेम असतात.

आता स्टेरॉइडचं. स्टेरॉइड सूज दाबतं, मग ती कशाचीही असो. गोचीडतापातही सांधे असेच धरतात. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडलं तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. मी नवखी होते तेव्हा ताप आणि पाठदुखी असलेल्या एका स्पॅनियलला तपासणीआधीच स्टेरॉइड दिलं. दोन दिवस तो धावला, घरचे खूश, मीही खूश. आठव्या दिवशी त्याचे मागचे पाय गेले. मणक्यांमधल्या चकतीत जंतुसंसर्ग होता आणि त्याला मोकळं रान मी दिलं होतं. त्या दिवसापासून नमुना हाती आल्याशिवाय मी स्टेरॉइडची बाटली उघडत नाही.

तुमच्या डॉक्टरांना त्या इंजेक्शनचं नाव आणि तारीख नक्की सांगा, त्याने नमुन्यातल्या पेशी कमी दिसू शकतात. रक्त, लघवी आणि गोचीडतापाची तपासणीही करून घ्या. निदान पॉलीआर्थ्रायटिसचंच निघालं, तर औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच असेल, पण मोजून-मापून, आणि कित्येक महिने. तो खूप पाणी पिईल, खूप लघवी करेल, सारखी भूक भूक करेल. पाणी तोडू नका. बरा दिसला म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, कुत्रा कोसळतो. डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा. आणि या काळात घरातली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी वेदनाशामकं त्याच्या तोंडात जाता कामा नये. एरवीही नको, पण स्टेरॉइडबरोबर तर पोटात रक्तस्राव ठरलेलाच समजा.

प्रश्न : ८ महिन्यांचं मांजर. पोट फुगलंय, ताप हटत नाही, पोटातून पिवळं पाणी निघालं. एफआयपी (मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा आजार) आहे, उपाय नाही, झोपवून टाका असा सल्ला मिळाला. खरंच काही करता येणार नाही?

उत्तर : करता येईल. थांबा. काही वर्षांपूर्वी मीही हेच सांगत असे आणि घरी जाऊन रडत असे. २०१९ मध्ये पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे विषाणूरोधक औषध ३१ मांजरांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्यांतली बहुसंख्य वाचली. तेव्हापासून या आजाराकडे बघण्याची आमची नजरच बदलली.

आधी निदान पक्कं करा. ते पिवळं पाणी चिकट आहे का, त्यात प्रथिनं भरपूर आणि पेशी कमी आहेत का, हे बघायला सांगा. ॲसेटिक ॲसिड टाकलेल्या पाण्यात त्याचा एक थेंब सोडतात. तो विरून गेला तर एफआयपीची शक्यता खूप कमी. जेलीफिशसारखा आकार धरून हळूहळू खाली गेला तर संशय वाढतो. रक्तात अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं प्रमाण ०.४ च्या खाली असेल तर आणखी वाढतो. नुसत्या कोरोनाव्हायरस अँटिबॉडीच्या रिपोर्टवर मात्र विसंबू नका, तो धडधाकट मांजरांतही पॉझिटिव्ह येतो.

सूज इथेही आहे, पण मूळ विषाणूत आहे, म्हणून स्टेरॉइडवर वेळ घालवू नका. प्रचलित उपचार ८४ दिवसांचा आहे. ताप बहुधा पहिल्या काही दिवसांतच उतरतो. डोस वजनावर ठरतो आणि पिल्लू बरं होताना झपाट्याने भरतं, म्हणून दर आठवड्याला वजन करून डॉक्टरांना कळवा. पहिलं वजन आजच लिहून ठेवा, पोटात पाणी आहे हेही त्यापुढे लिहा.