काळी चारचा तबला कुठे हरवला?

घरच्या घरी रेकॉर्डिंग : वाचकांच्या शंका

प्रश्न : ताई, मी अभंग गाते, पट्टी काळी चार. मुलाने लॅपटॉपवर माझा आवाज आणि पेटी रेकॉर्ड केली आणि ते गाणं आमच्या तबलजींना कोल्हापूरला पाठवलं. त्यांनी हेडफोन लावून त्यावर भजनी ठेका धरला, स्वतःच्या रेकॉर्डरवर घेतला आणि फाइल परत पाठवली. जोडून ऐकतो तर तबला पहिल्या आवर्तनापासूनच मागे पडतोय आणि स्वरही उतरलेला. मुलाने फाइल आवळून लय जुळवली, तरी सूर काही लागेना. तबलजींना फोन केला तर ते चिडलेच. म्हणाले, ‘मी तबला लावूनच बसलो होतो, तुमच्या कॉम्प्युटरचे कान तपासा.’ नेमकं चुकलं कुणाचं?
– एक अभंगगायिका, इस्लामपूर

उत्तर : तबलजींना आधी फोन करून सांगा की त्यांचं बरोबर होतं. मग मुलाला शेजारी बसवा.

तबलजींनी पाठवलेली मूळ फाइल, मुलाने आवळायच्या आधीची, पुन्हा लावा आणि पेटी पुढ्यात घेऊन तबल्याचा सा शोधा. माझा अंदाज आहे की तो काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल, पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नीट बसणार नाही. आता लांबी बघा. गाणं ४ मिनिटांचं असेल तर तबला साधारण ४ मिनिटं २१ सेकंदांचा भरेल. या दोन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. तबला नुसता उतरला असता तर लय बिघडली नसती, आणि वादक रेंगाळला असता तर सूर बिघडला नसता. सूर आणि लय हातात हात घालून घसरले की संशय सॅम्पल रेटवरच घ्यायचा.

कॉम्प्युटर आवाज साठवतो म्हणजे दर सेकंदाला ठरावीक वेळा त्याची पातळी मोजून आकडे लिहून ठेवतो. सेकंदाला किती आकडे, तोच सॅम्पल रेट. तुमच्या मुलाच्या प्रोजेक्टमध्ये सेकंदाला ४४,१०० आकडे आहेत, तबलजींच्या रेकॉर्डरने ४८,००० लिहिले. तुमचा लॅपटॉप मात्र ती फाइलही सेकंदाला ४४,१०० याच वेगाने वाचतोय. उरलेले ३,९०० आकडे पुढच्या सेकंदात ढकलले जातात, त्याचे उरलेले त्याच्या पुढच्या. म्हणून दुसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर, बाराव्या मात्रेच्या आसपास, तबला अख्खी एक मात्रा मागे राहतो. सूर घसरतो तो जवळजवळ दीड स्वरांतराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्यांनी, आणि म्हणूनच तो दोन पट्ट्यांच्या मधे अडकतो.

फाइल आत घेताना सॉफ्टवेअरने बहुधा विचारलं असणार की या फाइलचा सॅम्पल रेट वेगळा आहे, बदलून घेऊ का? आपली पोरं असल्या खिडक्या न वाचता ‘नो’ दाबतात. काही सॉफ्टवेअर न विचारता स्वतःच बदलून घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. आवळलेला ट्रॅक टाकून द्या. त्याने फक्त लय ओढली, सूर होता तिथेच राहिला, वर चाटीचा ठणका पण पसरट झाला असेल. मूळ फाइल नव्याने आत घ्या आणि या वेळी ‘येस’ म्हणा. तबला काळी चारला येऊन बसेल.

कधीकधी फाइलवरची नोंदच चुकीची असते : आत आकडे ४८,००० चे आणि नोंद ४४,१०० ची. अशी फाइल ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत ‘रेट’ ४८,००० करा. शेजारीपाजारी ‘रीसॅम्पल’ नावाची आज्ञाही दिसेल. तिच्या वाटेला जाऊ नका, कारण ती आकडे नव्याने मोजून लिहिते आणि चुकलेला सूर चुकलेलाच कायम करून ठेवते.

पुढच्या वेळी कुणी पहिली मात्रा वाजवायच्या आधी एक आकडा ठरवा आणि तो फोनवर सगळ्यांना सांगा, पट्टी सांगता तसाच. माझं मत विचाराल तर ४८,००० ठेवा. टीव्ही आणि व्हिडिओचा सगळा कारभार त्यावर चालतो आणि तुमचा अभंग शेवटी व्हिडिओबरोबरच लोकांपुढे जाणार आहे. विंडोजमध्ये साउंडच्या जुन्या खिडकीत ‘प्लेबॅक’ आणि ‘रेकॉर्डिंग’ असे दोन टॅब असतात. दोन्हीकडे उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’खाली तोच आकडा निवडा. एकीकडे बदलून दुसरीकडे विसरणारे पुष्कळ भेटतात. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं. मग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये तोच आकडा. सीडी काढायचीच झाली तर सगळं मिश्रण पुरं झाल्यावर, एकदाच, ४४,१०० मध्ये उतरवा.

४४,१०० हा असा अर्धवट आकडा आला कुठून, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून इथेच सांगून टाकते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ आकडे मावत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत कामाच्या ओळी २४५ आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). युरोपच्या (आणि आपल्याकडच्याही) पद्धतीत ओळी २९४ आणि क्षेत्रं ५०. दोन्हीकडचा गुणाकार करून बघा, उत्तर ४४,१०० च येतं. पुढे सीडीने तोच आकडा उचलला.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ दोन यूएसबी माइक एकाच लॅपटॉपला लावून नाट्यपदं घेतो, एक गळ्याला आणि एक पेटीला. दोन्ही ४८,००० वर आहेत, तीनतीनदा तपासलं. तरी वीस मिनिटांची बैठक झाली की शेवटी शेवटी आवाज दुहेरी ऐकू येतो. आकडा तर जुळवलाय!
– एक वाचक, बडोदा

उत्तर : आकडा जुळला, घड्याळं जुळली नाहीत. प्रत्येक यूएसबी माइकच्या पोटात स्वतःचा क्वार्ट्‌झ स्फटिक असतो आणि त्याच्या ठोक्यावर तो आकडे मोजतो. एकाचे ४८,००० दुसऱ्याच्या ४८,००० पेक्षा किंचित लवकर संपतात. दोघांत दशलक्षामागे ५० चा जरी फरक धरला, तरी वीस मिनिटांत ०.०६ सेकंद साचतात. गळ्याच्या माइकमध्ये पेटीही शिरतेच, म्हणून तीच पेटी तुम्हाला दोनदा ऐकू येते.

खरा इलाज एकच : दोन इनपुटांचा एक ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) आणि त्याला दोन साधे माइक, म्हणजे घड्याळ एकच राहतं. मॅक असेल तर दोन्ही माइकचं मिळून एक ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ करून दुसऱ्या माइकला ‘ड्रिफ्ट करेक्शन’ लावता येतं, त्यावर काम भागतं. झालेली बैठक वाचवायची असेल तर पेटीचा ट्रॅक पदापदांमधल्या शांत जागी कापा आणि प्रत्येक तुकडा गळ्याच्या ट्रॅकवर सरकवून बसवा. कंटाळवाणं आहे, पण जमतं.

प्रश्न : इंटरफेस १,९२,००० पर्यंत जातो म्हणे. तेवढं ठेवू का?
– एक सतारवादक, ठाणे

उत्तर : नको. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि तेवढं टिपायला त्याच्या दुपटीहून थोडा अधिक सॅम्पल रेट पुरतो. २४ बिटांचा एक मोनो ट्रॅक ४८,००० ला मिनिटाला ८.६ एमबी खातो, १,९२,००० ला ३४.६. शिवाय लॅपटॉप दमला की मधेच टकटक ऐकू यायला लागते. बिट, म्हणजे प्रत्येक आकडा किती बारकाईने लिहायचा ते, मात्र २४ च ठेवा, १६ नको. तारांचा शेवटचा बारीक नाद त्यात नीट टिकतो.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोन लावून गायला लागले की कानातला तानपुरा एकदम फोनवरून आल्यासारखा का होतो?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : कॉम्प्युटर त्याच हेडफोनचा माइक वापरायला लागतो म्हणून. मग जोडणी संभाषणाच्या पद्धतीत जाते आणि सॅम्पल रेट ८,००० किंवा १६,००० वर येतो. इनपुटमध्ये दुसरा माइक निवडलात की तानपुरा पूर्ववत होईल. पण ब्लूटूथने आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो तो पोचतोच, तेव्हा गाताना वायरचा हेडफोन वापरा. रेकॉर्ड झालेलं ऐकताना ब्लूटूथ चालेल.