भारतीय कसोटी संघ मायदेशात का हरतोय? चूक प्रशिक्षकाची, निवड समितीची की फलंदाजांची?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरल्यापासून घरात रोज वाद होतोय. वडील म्हणतात प्रशिक्षक बदला, भाऊ म्हणतो निवड समिती बदला आणि तुम्हाला वाटतं की फलंदाजच बदलायला हवेत. तिघांत खरं कोणाचं?

आमच्या क्लबच्या कट्ट्यावरही हाच वाद चालू आहे. मी वडिलांच्या बाजूने थोडा, भावाच्या बाजूने बराच आणि तुमच्या बाजूने सगळ्यात कमी आहे. राग मानू नका, कारण सांगतो.

पुण्यात क्लबच्या सामन्यांना मी सव्वीस वर्षं स्कोअरर म्हणून बसतोय. ती सवय इतकी अंगात मुरलीय की भारताची कसोटी टीव्हीवर बघतानासुद्धा मांडीवर वही आणि हातात दोन रंगांची पेनं असतात. गुवाहाटीची कसोटी संपली त्या संध्याकाळी मी वही मागे उलटत गेलो, ऑक्टोबर २०२४ च्या बंगळुरूपर्यंत. न्यूझीलंडविरुद्ध तीन, ऑस्ट्रेलियात पाच, इंग्लंडमध्ये पाच, वेस्ट इंडिजविरुद्ध दोन आणि आता दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोन, अशा सतरा कसोटी. प्रत्येक डावात मी फक्त तिसरी ओळ, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज, बघत गेलो. बंगळुरूत गिलची मान आखडली होती म्हणून कोहली. मग गिल. पर्थला पडिक्कल. पुन्हा गिल. मेलबर्नला गिल बाहेर आणि तिसऱ्या क्रमांकावर राहुल. सिडनीत परत गिल. लीड्सला साई सुदर्शन, एजबॅस्टन आणि लॉर्ड्सला करुण नायर, मँचेस्टरला परत सुदर्शन. कोलकात्यात वॉशिंग्टन सुंदर. गुवाहाटीत पुन्हा सुदर्शन. सतरा कसोटींत सात नावं.

यातली एक-दोन नावं दुखापतीमुळे आली, ते मान्य. पण कोलकात्याचं काय? त्याच्या आधीच्या कसोटीत, दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध, सुदर्शनने ८७ आणि ३९ केल्या होत्या. पुढच्याच कसोटीत तो बाहेर बसला आणि त्याच्या जागी वॉशिंग्टन आला. वॉशिंग्टनने वाईट खेळ केला नाही. २९ आणि ३१ केल्या आणि दुसऱ्या डावात आपल्याकडून सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या. मग पुढच्या कसोटीत त्याला खाली, आठव्या क्रमांकावर नेलं आणि सुदर्शनला परत बोलावलं. धावा केल्या तरी जागा जाते, हे एकदा कळल्यावर पोरगा कुठल्या भरवशावर शंभर चेंडू सोडत उभा राहील?

या जागेवर द्रविड कसोटीत दहा हजारांहून जास्त धावा करून गेला. त्याच्यानंतर पुजारा. २०१८-१९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर पुजाराने १२५८ चेंडू खेळले, तेव्हा माझ्या वहीत त्याच्या ओळीला जागा पुरायची नाही, खाली चिठ्ठी जोडावी लागायची. तिसऱ्या क्रमांकाचं काम धावांइतकंच चेंडू जुना करण्याचं, गोलंदाजाला दमवण्याचं. ते काम कुणाचं, हे आज संघात कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तुमच्या भावाची बाजू मला जास्त पटते. फक्त निवड समितीचे अध्यक्ष आगरकर आणि त्यांची समिती पंधरा जणांची नावं देते. अकरा कोण आणि कोण कितव्या क्रमांकावर, हे ठरतं संघाच्या खोलीत. दोष देताना हे दोन्ही वेगळं ठेवा.

आता वडिलांचा मुद्दा, म्हणजे प्रशिक्षक, आणि त्याने मागितलेली खेळपट्टी.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी पुण्याच्या गहुंजे मैदानावर होतो. भारत ३ बाद ९४ वरून १०५ वर सर्वबाद झाला. सात गडी अकरा धावांत गेले, माझं पेन चालेना. ऑस्ट्रेलियाच्या फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले आणि आपण ३३३ धावांनी हरलो. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून हातभर वळत होती. त्या दिवशी जे मनात आलं ते आजही बदललेलं नाही. खेळपट्टी जितकी जास्त फिरते, तितका चांगला आणि साधारण फिरकीपटू यांच्यातला फरक पुसला जातो. आपल्याकडे अश्विन-जडेजासारखे असताना तो फरक म्हणजेच आपली सगळी पुंजी होती, आणि ती आपण आपल्याच हाताने उधळतो. मार्च २०२३ मध्ये इंदूरला तेच झालं. १०९ वर सर्वबाद आणि ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी परत गहुंज्याला गेलो, यावेळी भाच्याला घेऊन. तो अकरा वर्षांचा, विराटची जर्सी घालून आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिल पायचीत झाला आणि विराट चालत आत आला, तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं होतं. भाचा खुर्चीवर चढला. आणि थोड्याच वेळात न्यूझीलंडचा फिरकीपटू सँटनरने एक खालचा फुलटॉस टाकला, विराट आडव्या बॅटने खेळायला गेला आणि त्रिफळा उडाला. एक धाव. असा चेंडू शाळेतला मुलगाही चौकाराला मारतो. पण आदल्या अर्ध्या तासात जो चेंडू वळत होता, थांबत होता, तो डोक्यात बसलेला असतो, आणि डोळ्यांसमोर सरळ आलेला चेंडूही मग सरळ दिसत नाही. भाचा खुर्चीवरून उतरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. "मामा, फुलटॉस होता ना?" एवढंच त्याने विचारलं.

सँटनरने त्या कसोटीत तेरा बळी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात पाच बळीही त्याच्या नावावर नव्हते. पुढच्या आठवड्यात वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ वर संपलो, आणि बळी घेणारा एजाज पटेल, ज्याचा जन्मच मुंबईचा. अकरा बळी. २०१२ च्या इंग्लंड मालिकेनंतर सलग अठरा मालिका मायदेशात जिंकलेला संघ ०-३ ने हरला.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणेल, आता थोडी बरी खेळपट्टी घेऊ. पण वर्षभराने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर पुन्हा तेच. सामना तीन दिवसांत संपला. १२४ धावा हव्या होत्या, आपण ९३ वर सर्वबाद. सामन्यानंतर प्रशिक्षक गंभीर यांनी स्वतःच सांगितलं की अशीच खेळपट्टी आम्ही मागितली होती. इथे तुमच्या वडिलांचं म्हणणं मला पटतं. ही चूक मैदान राखणाऱ्याची नाही, मागणाऱ्याची आहे. त्यात अशा खेळपट्टीवर नाणेफेक म्हणजे अर्धा सामना, आणि पुणे, वानखेडे, ईडन या तिन्ही ठिकाणी ती समोरच्याने जिंकली होती.

त्यात कोलकात्याचा संघ बघा. अकरा जणांत सहा डावखुरे फलंदाज: जयस्वाल, वॉशिंग्टन, पंत, जडेजा, अक्षर, कुलदीप. समोर सायमन हार्मर, ऑफस्पिनर. डावखुऱ्याला ऑफस्पिनरचा चेंडू बाहेर जातो, आणि फिरत्या खेळपट्टीवर बाहेर जाणारा चेंडू सगळ्यात अवघड. हे आम्ही बारा वर्षांखालच्या पोरांना फळ्यावर खडूने काढून दाखवतो. बरं, हार्मर कुणी नवखा नाही. २०१५ मध्ये तो मोहालीत आणि नागपुरात खेळून गेला, नंतर इंग्लंडमध्ये एसेक्सकडून वर्षानुवर्षं टाकत राहिला आणि आज त्याच्या नावावर हजाराहून जास्त प्रथम श्रेणी बळी आहेत. आपल्याकडे लोक म्हणाले "कुठला कोण हार्मर आला आणि गुंडाळून गेला". तो दहा वर्षं तयारी करून आला होता. दोन कसोटींत सतरा बळी.

मग गुवाहाटी. इथे खेळपट्टीकडे बोट दाखवता येत नाही. दक्षिण आफ्रिकेने ४८९ केल्या, सातव्या क्रमांकावर आलेल्या मुथुसामीने शतक ठोकलं, नवव्या क्रमांकावरच्या यान्सनने ९३. आणि आपण पहिल्या डावात २०१. माझ्या वहीत त्या डावात सगळ्यात लांब ओळ कुणाची आहे, सांगा. कुलदीपची. १९ धावा, १३४ चेंडू. टिंबं (म्हणजे धाव न निघालेले चेंडू), टिंबं, टिंबं, मध्येच एखादा एक. आठव्या क्रमांकावरच्या वॉशिंग्टनने ४८ केल्या. या दोघांच्या वरती जुरेल शून्यावर चहापानाच्या तोंडावर पुल मारायला गेला, आणि पंत, त्या सामन्याचा कर्णधार, यान्सनला पुढे सरसावून खेळायला गेला आणि यष्टीमागे झेल देऊन बसला. वर रिव्ह्यूही घालवला. पंत माझा लाडका खेळाडू आहे. त्याने तसंच खेळावं असं मी अनेकदा म्हटलंय. पण समोर ४८९ असताना, चार गडी गेलेले असताना तो फटका बघून मी पेन खाली ठेवलं. बायकोने आतून विचारलं, "काय झालं?"

इथे तुम्ही म्हणाल, बघा, फलंदाजांचाच दोष. आहे, पण बदलून काय करणार? हीच पोरं गुवाहाटीच्या चार महिने आधी इंग्लंडमध्ये २-२ करून आली. रोहित, कोहली, अश्विन तिघंही निवृत्त झालेले, आणि गिलने पाच कसोटींत ७५४ धावा केल्या. मँचेस्टरला हार समोर दिसत असताना जडेजा आणि वॉशिंग्टन शतकं करून नाबाद राहिले. ओव्हलला सिराजने ६ धावांनी सामना काढला, तेव्हा मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. तेव्हा पोरांत दम नाही हे मी मानणार नाही. जे कमी आहे ते फिरकीपुढे दीड-दोन तास उभं राहण्याचं. आणि ते नेट्समध्ये शिकता येत नाही, चार दिवसांच्या सामन्यातच येतं. २०२४ च्या सप्टेंबरात, न्यूझीलंडच्या आधी, दुलीप करंडक ही देशांतर्गत स्पर्धा झाली. रोहित आणि कोहली त्यात नव्हते. ऑस्ट्रेलियाहून हरून आल्यावर जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांना रणजी खेळायला लावलं. चांगलं केलं, पण घोडं पळून गेल्यावर तबेल्याला कडी लावली.

आणि जे रणजी खेळून येतात, त्यांचं काय? सर्फराझ खानने बंगळुरूत १५० केल्या. पुढच्या दोन कसोटींत चार डाव वाईट गेले, ऑस्ट्रेलियाला नेला पण एकही सामना दिला नाही, आणि इंग्लंडच्या संघात नाव नाही. अभिमन्यू ईश्वरन दोन दौरे पाणी घेऊन धावत राहिला, पदार्पणाविना. करुण नायरला आठ वर्षांनी परत बोलावलं, आठ डाव दिले आणि सोडलं. आमच्या कट्ट्यावर ऋतुराज गायकवाडसाठी घसा कोरडा करणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण त्याला आणून दोन कसोटींनी काढणार असाल, तर त्याला महाराष्ट्राकडून खेळू द्या, तिथे निदान त्याची जागा त्याची आहे.

तर कुणाला काढायचं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आत्ता कुणालाच नाही. साई सुदर्शनला तिसऱ्या क्रमांकावर सलग दहा कसोटी द्या, शून्यावर बाद झाला तरी. गुवाहाटीच्या दुसऱ्या डावात त्याने १३९ चेंडूंत १४ धावा केल्या. लोकांनी त्याची थट्टा केली. मी ती ओळ परत परत वाचली. सामना हातातून गेलेला, समोर हार्मर फिरवतोय, आणि चोवीस वर्षांचा पोरगा टिंबामागून टिंब काढतोय. पुजारानंतर इतकी टिंबं मी तिसऱ्या ओळीत फार कमी वेळा भरली आहेत.