उंची मोजा, मग तिकीट काढा

प्रिय ताई,

मला दोन मुलं आहेत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. गेल्या सुट्टीत मोठे दीर-जाऊबाई मुलांना घेऊन परदेशातल्या एका थीम पार्कला चार दिवस जाऊन आले. फोटो पाहिल्यापासून माझी मुलगी रोज विचारते, ‘आपण कधी जायचं?’ आणि तिच्यापेक्षा जास्त घाई तिच्या बाबांना झाली आहे. ते म्हणतात, ‘मला लहानपणी साध्या पाळण्यातसुद्धा बसायला मिळालं नाही, माझ्या मुलांना हे मिळालंच पाहिजे.’ त्यासाठी अडीअडचणीला म्हणून ठेवलेली मुदत ठेव मोडायची त्यांची तयारी आहे. मी नको म्हटलं की गप्प होतात, दोन-दोन दिवस नीट बोलत नाहीत. मी मुलांच्या आनंदाच्या आड येते आहे का? की कमी खर्चात हे खरंच जमण्यासारखं आहे?

– दोन लेकरांची आई

प्रिय मैत्रीण,

आड वगैरे काही येत नाही तुम्ही. ती ठेव मोडू नका, हे आधीच सांगून टाकते. उद्या घरात कुणी आजारी पडलं किंवा कुणाची नोकरी डळमळली, तर तोच पैसा उभा राहणार आहे. सहलीसाठी त्याला हात लावायचा नाही, एवढं पक्कं ठरवलं की बाकीच्या सगळ्या गोष्टींवर मोकळेपणाने बोलता येतं.

पण यजमानांशी बोलताना सुरुवात पैशापासून करू नका. तुमच्या पत्रातलं त्यांचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मला पाळण्यात बसायला मिळालं नाही.’ असं म्हणणारा माणूस भावाशी बरोबरी करायला निघालेला नसतो. पाळण्याखाली उभा राहून वर बघणारा एक लहान मुलगा त्यांच्या आत अजून आहे, आणि तुमचं ‘नको’ त्या मुलाला ऐकू जातं. म्हणून ते गप्प होतात. मुलं झोपली की एकदा निवांत विचारा, तेव्हा नेमकं काय झालं होतं, कोण बरोबर होतं, कशात बसायचं होतं. उत्तर पूर्ण ऐकून घ्या. त्या रात्री खर्चाचा विषयही काढू नका.

डिस्नेलँडची कल्पना वॉल्ट डिस्नेंना कशी सुचली, ते या निमित्ताने त्यांना सांगा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ते आपल्या दोन मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवायला न्यायचे. मुली घोड्यांवर गोल फिरायच्या आणि हे बाकावर बसून बघत राहायचे. आईबाप आणि मुलं मिळून मजा करू शकतील अशी एखादी जागा का नसावी, हा विचार त्यांच्या मनात तिथे आला, असं ते स्वतः सांगत. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड सुरू झालं. तुमच्या यजमानांनाही बाकावर बसून राहायचं नाहीये, मुलांच्या शेजारी बसायचं आहे. हे लक्षात ठेवलं तर पुढचं ठरवणं सोपं जाईल, कारण मुलांच्या शेजारी बसायला मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी मुलांच्या उंचीवर ठरतं.

ही गोष्ट मी फार उशिरा शिकले. माझा मुलगा तेव्हा नुकताच चार वर्षांचा झाला होता. ज्या राइडसाठी तो महिनाभर दिवस मोजत होता, तिच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे राहिलो. पुढे पोचलो तर तिथल्या मुलीने त्याला उंचीच्या पट्टीपाशी उभं केलं. दोन बोटं कमी पडली. त्याने हळूच टाचा उचलल्या. तिने वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तशा त्या टाचा पुन्हा खाली टेकल्या. तो आरडाओरडा करून रडला नाही. माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभा राहिला, आणि नंतर दिवसभर कुठल्याही रांगेत यायला तयार होईना. नियम त्याच्याच सुरक्षिततेचा होता आणि तो आधीपासून लिहिलेलाही होता. तिकीट काढण्यापूर्वी मी तो वाचायला हवा होता.

म्हणून सांगते, पार्क ठरवायच्या आधी दोन्ही मुलांना भिंतीला टेकून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलने रेघ मारा आणि सेंटीमीटर लिहून ठेवा. पाच वर्षांच्या मुलांची उंची सर्वसाधारणपणे ११० सेंटीमीटरच्या आसपास असते, अडीच वर्षांच्यांची ९१-९२. आता राइड्सकडे बघा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या ‘स्पेस माउंटन’ या रोलर कोस्टरला किमान १०२ सेंटीमीटर उंची लागते. इतर ठिकाणीही लहानांना चालणाऱ्या छोट्या कोस्टरची मर्यादा बहुधा ९० ते १०५ च्या दरम्यान असते, मोठ्या रोलर कोस्टरची १२० ते १४०. म्हणजे तुमच्या लेकीला आज बऱ्याच गोष्टींत बसता येईल, मुलाला मात्र बहुतेक बिनमर्यादेच्याच राइड्स: फिरते घोडे, संथ चालणाऱ्या होड्या, छोटी आगगाडी, उडते हत्ती. या राइड्स सुंदर असतात आणि त्या वयाला पुरेशाही असतात. पण त्या बघण्यासाठी विमानाने जायची गरज नाही.

माझं मत असं आहे की एका मोठ्या सहलीचे दोन भाग करा. या वर्षी घरापासून सगळ्यात जवळ जे बरं पार्क असेल तिथे एकच दिवस जा, तोही धाकट्याच्या तिसऱ्या वाढदिवसाआधी. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, टोकियो डिस्नेलँडमध्ये तर चौथं वर्ष पूर्ण होईपर्यंत लागत नाही. काही पार्क वयाऐवजी उंची बघून तिकीट लावतात. तुम्ही निवडाल त्या पार्कचा नियम नीट वाचा आणि मुलाच्या वयाचा कागद बरोबर ठेवा. दूरचं, मोठं, जाऊबाईंनी पाहिलेलं पार्क मात्र धाकटा चारचा होईपर्यंत थांबू द्या. चार वर्षांची मुलं साधारण १०३ सेंटीमीटरला पोचतात, म्हणजे तेव्हा कदाचित चौघंही एकाच गाडीत बसाल. शिवाय मोठेपणी बहुतेकांना आठवणाऱ्या पहिल्यावहिल्या गोष्टी साधारण तीन-साडेतीन वर्षांनंतरच्या असतात. आज त्याला नेलंत तर तो तिथे खूश होईल यात शंका नाही, पण चार दिवसांच्या प्रवासाचा खर्च आज त्याच्यासाठी करण्यात मला अर्थ दिसत नाही. मधल्या दीड वर्षात दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत गेलात तर ठेवीकडे बघावंही लागणार नाही. यजमानांना सांगता येईल की आपण ‘नाही’ म्हटलेलं नाही, तारीख ठरवली आहे.

आता एका दिवसाच्या सहलीचा खर्च. लोक तिकिटाच्या किमतीवर घासाघीस करतात आणि पैसा जातो भलतीकडे. प्रवास, पार्किंग, लॉकर, बाबागाडीचं भाडं, खाणंपिणं, राइडवर काढलेले फोटो, बाहेर पडतानाचं खेळण्यांचं दुकान, हे सगळं तिकिटाशेजारी एका कागदावर मांडा. त्या बेरजेकडे बघून पार्क निवडा. तारखेवरही बरंच काही असतं. अमेरिकेतल्या डिस्नेने २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाचे दर गर्दीच्या हंगामाप्रमाणे वेगवेगळे ठेवले, आता कितीतरी पार्क तसंच करतात. तुमची लेक अजून लहान आहे, तिची एक दिवसाची शाळा बुडली तर आभाळ कोसळणार नाही. आठवड्याच्या मधला दिवस धरा. फक्त बिनगर्दीच्या हंगामात काही राइड्स दुरुस्तीसाठी बंद असतात आणि पार्क लवकर बंद होतं, तेवढं आधी बघून घ्या. अनेक दिवसांच्या तिकिटात रोजचा दर कमी पडतो, हे खरं. पण एवढी लहान मुलं दुसऱ्या दिवशी दमून किरकिरी होतात, आणि एकूण पैसे जास्तच जातात. रांग टाळायच्या महागड्या पासचंही तसंच. तो मुख्यतः मोठ्या राइड्ससाठी कामाला येतो आणि त्यांत तुम्ही बसणारच नाही आहात.

त्याऐवजी पहाटे उठा. दार उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे पोचलात तर पहिल्या तासात ज्या तीन-चार राइड्स होतात, त्याच दुपारी करायच्या तर तीन-चार तास खातात. लेकीला सर्वांत आवडणारी गोष्ट पहिली करा. दुपारी मुलांना झोप येणारच, तेव्हा ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून त्यांना ओढत नेऊ नका. सावलीत थांबा, नाहीतर एखाद्या वातानुकूलित प्रयोगाला जाऊन बसा, धाकटा मांडीवर झोपेल. तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या हट्टापायी सहलींची जितकी वाट लागलेली मी पाहिली आहे, तितकी पावसाने लागलेली पाहिली नाही.

आणखी एक सोय आहे, तिची बऱ्याच पालकांना कल्पनाच नसते. डिस्नेच्या पार्कांत तिला ‘रायडर स्विच’ म्हणतात. इतरही अनेक पार्कांत ती वेगवेगळ्या नावांनी असते. बाबा मुलीबरोबर राइडला जातात, तुम्ही धाकट्याला घेऊन बाहेर थांबता, आणि ते आले की तुम्हाला पूर्ण रांग पुन्हा न लावता आत सोडतात. बऱ्याचदा मोठ्या मुलाला दुसऱ्यांदाही बसू देतात. ती आपणहून कुणी सांगेलच असं नाही. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधी विचारायचं. त्या दिवशी पहिली फेरी तुमच्या यजमानांना घेऊ द्या.

बाबागाडी घरचीच न्या, हलकी आणि घडी होणारी. मोजमापाचे नियम मात्र बघा. अमेरिकेतल्या डिस्नेत २०१९ पासून सुमारे ७९ सेंटीमीटर रुंद आणि १३२ सेंटीमीटर लांब गाडीपर्यंतच परवानगी आहे. तिच्या मुठीला एखादी ठळक रंगाची फीत बांधा, कारण राइडबाहेर पन्नास सारख्या गाड्या उभ्या असतात. पाण्याच्या बाटल्या न्या. बाहेरचं खाणं चालतं का, याचा नियम प्रत्येक पार्कचा वेगळा असतो. लहान बाळांच्या खाण्याला बहुतेक ठिकाणी हरकत घेत नाहीत, पण विचारून घ्या. आत शिरताच दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि त्यांच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. पैसे लागत नाहीत, आणि गर्दीत मूल दोन मिनिटं दिसेनासं झालं तर त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

दुकानाचं घरीच ठरवून ठेवा. लेकीच्या हातात तिची रक्कम द्या, छोट्या पाकिटात, खरी नाणी-नोटा. तिला सांगा, यात जे येईल ते तुझं, आणि घ्यायचं ते परतताना. पाच वर्षांची मुलं ‘नाही’ला रडतात, पण स्वतःच्या पैशांचा विचार फार मन लावून करतात. एका पाचेक वर्षांच्या मुलीला मी दुकानात तीन वस्तू समोर ठेवून दहा मिनिटं जमिनीवर बसलेली पाहिली आहे. शेवटी तिने सगळ्यात लहान वस्तू उचलली आणि उरलेली नाणी मोजून पाकिटात ठेवली. आई शेजारी शांत उभी होती.

राहिला लेकीचा प्रश्न, ‘आपण कधी जायचं?’ तिला दीड वर्ष म्हणजे किती ते कळणार नाही. तिला भिंतीवरची रेघ दाखवा. भावाच्या रेघेच्या वर, १०२ सेंटीमीटरवर रंगीत खडूने दुसरी रेघ ओढा आणि सांगा, छोटा भाऊ इथपर्यंत पोचला की आपण चौघं मोठ्या पार्कला जायचं. जवळच्या पार्कची तारीख मात्र नक्की सांगा, दिनदर्शिकेवर तिच्याच हाताने गोल करून घ्या.

आणि त्या दिवशी फिरत्या घोड्यांपाशी गेलात की मुलांना बसवून तुम्ही दोघं कठड्याबाहेर फोटो काढत उभे राहू नका. धाकट्याला धरायला कुणीतरी मोठं लागतंच. ते काम यजमानांना द्या, आणि बाहेर आल्यावर पुन्हा एकदा बसायचं का, हे मुलांच्या आधी त्यांना विचारा.

तुमची,
ताई